मैदान परत मिळाल्यावर

उत्तर आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, सीमेला चिकटून, क्रॉसमग्लेन नावाचं एक गाव आहे. वस्ती दीड-दोन हजारांची. आपल्याकडे एवढ्या गावात एक झेडपीची शाळा, एक विकास सोसायटी आणि किमान दोन गट असतात. क्रॉसमग्लेनमध्ये एक फुटबॉल क्लब आहे. नाव क्रॉसमग्लेन रेंजर्स, स्थापना १८८७. हा क्लब १९९७ ते २०१२ या काळात सहा वेळा अख्ख्या आयर्लंड बेटाचा क्लब-विजेता झाला. आणि याच क्लबच्या मैदानाचा एक भाग १९७०च्या दशकापासून ब्रिटिश सैन्यानं घेतलेला होता. मैदानाला लागून लष्करी तळ, तळावर टेहळणीचा मनोरा, आणि सामना चालू असताना डोक्यावरून उतरणारी हेलिकॉप्टरं.

एवढं वाचलं की डोक्यात सिनेमा सुरू होतो. आपण ‘लगान’ पाहून वाढलेली माणसं. गोऱ्या साहेबाची छावणी, धुळीतलं गाव, शेवटच्या चेंडूवर विजय, मग पाऊस. क्रॉसमग्लेनची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मलाही ती तशीच दिसली आणि तशीच आवडली.

ती खोटी नाही. पण सिनेमा जिथे संपतो त्याच्या पुढे काय होतं, हा मला त्रास देणारा भाग आहे. सामना जिंकला, मैदान परत मिळालं, साहेब गेला. मग आता फाटकातून कुणाला आत घ्यायचं? ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला आहे, त्याला आपलं दार बंद ठेवायचा हक्क मिळतो का? मिळत असेल तर किती काळ, आणि कुणाकुणासाठी?

“क्लब कुठला तुझा?”

मी डब्लिनमध्ये दोन वर्षं शिकायला होते. ज्या घरात खोली घेतली होती, तिथल्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, गाव कुठलं? मी कोल्हापूर सांगितलं. त्यांना ते माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, “क्लब कुठला तुझा?” आपल्याकडे आडनाव ऐकल्यावर “म्हणजे कुठले तुम्ही?” असं विचारतात ना, त्याच सुरात.

हा प्रश्न कळायला तिथली रचना थोडी समजून घ्यावी लागते. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स नावाच्या गावातल्या हेस हॉटेलात स्थापन झाली. इंग्रजांचे खेळ देशभर पसरत होते, तेव्हा आपले खेळ टिकावेत म्हणून. हर्लिंग हा काठी आणि चेंडूचा अतिशय वेगवान खेळ. गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला पंधरा जण. चेंडू हातात घेता येतो, लाथाडताही येतो. गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा. आडव्या दांड्याच्या वरून मारला तर पॉइंट, खालच्या जाळ्यात गेला तर गोल, आणि एक गोल म्हणजे तीन पॉइंट.

नियमांपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली, इथे खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२ हजार लोकांसमोर फायनल खेळणारा मुलगा नंतर पुन्हा शाळेत शिकवायला, बांधकामावर किंवा बँकेत जातो. दुसरी, तुम्ही क्लब निवडत नाही. ढोबळमानानं सांगायचं तर चर्चच्या हद्दीनुसार गावांचे भाग पडलेत, त्यांना पॅरिश म्हणतात. तुम्ही ज्या पॅरिशमध्ये वाढता तो तुमचा क्लब. बदली करून घेता येते, पण त्यासाठी सबळ कारण आणि परवानगी लागते, आणि लोक तुमच्याकडे जरा वाकड्या नजरेनं बघतात ते वेगळंच.

आयपीएलच्या लिलावात माणूस दर काही वर्षांनी जर्सी बदलतो आणि आपल्याला त्यात काही गैर वाटत नाही. गेलिक क्लबात हे जवळजवळ अशक्य आहे. तुमचा संघ कमजोर असला तरी तो तुमचाच. तुम्ही स्वतः कमजोर असलात तरी तुम्ही त्यांचेच.

कोल्हापूरच्या मुलीला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की अर्ध्या शहराचं कामात लक्ष नसतं. घराण्याची तालीम ठरलेली असते, ती कुणी निवडत नाही. मला निवडायची वेळही आली नाही, कारण मी मुलगी. माझा भाऊ आमच्या तालमीचा होता. मी तालमीच्या सामन्याला गॅलरीत बसून घसा बसेपर्यंत ओरडणारी होते. शिवाय माझी पेठ लग्नानंतर बदलेल हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. म्हणजे ज्या निष्ठेबद्दल भावाला मरेपर्यंत शाबासकी मिळणार होती, ती माझ्याकडून एका मुहूर्तावर काढून घेतली जाणार होती. त्यामुळे “क्लब कुठला तुझा?” हा प्रश्न मला आवडला, आणि किंचित टोचलाही.

तळाच्या भिंतीलगत

आता क्रॉसमग्लेनकडे वळू. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि सीमा गावाच्या अगदी जवळून गेली. गाव बहुसंख्येनं कॅथलिक आणि आयरिश राष्ट्रवादी. नकाशावर मात्र ब्रिटनमध्ये. १९६९ नंतर उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षांचा रक्तरंजित काळ सुरू झाला. दक्षिण आर्मा हा आयआरए या सशस्त्र संघटनेचा बालेकिल्ला. रस्त्यावर सुरुंग पेरलेले असायचे, म्हणून सैन्य तिथे रसदसुद्धा हेलिकॉप्टरनं न्यायचं. त्या हेलिकॉप्टरांना उतरायला सपाट जागा हवी. तळाच्या शेजारी सपाट जागा होती ती क्लबची.

मग पंचवीस-तीस वर्षं हे असं चाललं. हेलिकॉप्टरांमुळे खेळात व्यत्यय. खेळाडूंच्या गाड्या तपासणीला थांबवणं. मुलांच्या सरावावर वरून बंदूकधारी नजर. क्लबनं तक्रारी केल्या, नुकसानभरपाईसाठी भांडला, पण मैदान सोडून दुसरीकडे गेला नाही. हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. त्यांच्याकडे बंदुका घेतलेली माणसं कमी नव्हती. त्याच गावात रोज संध्याकाळी काही लोक चेंडू, शिट्टी आणि जर्सी घेऊन येत राहिले. मैदान आखत राहिले. लहान मुलांना आधी पास द्यायला आणि मग मारायला शिकवत राहिले.

जो कर्नन या माजी खेळाडूनं १९९३ साली संघ हातात घेतला. १९९६ मध्ये क्लब आर्मा काउंटीचा विजेता झाला आणि तिथून २००८ पर्यंत सलग तेरा वर्षं काउंटीचं विजेतेपद त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. १९९७, १९९९, २००० अशी तीन अखिल आयर्लंड विजेतेपदं चार वर्षांत. मग २००७, आणि पुन्हा २०११, २०१२. याच कर्ननच्या मार्गदर्शनाखाली आर्मा काउंटीनं २००२ साली इतिहासात पहिल्यांदा अखिल आयर्लंड जिंकलं. त्या फायनलमध्ये निर्णायक गोल मारणारा ओशीन मॅकॉनव्हिल क्रॉसमग्लेनचाच.

मॅकॉनव्हिलबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मैदानावर हिरो असताना हा माणूस जुगाराच्या व्यसनात बुडत होता. त्यानं उपचार घेतले, नंतर सगळं उघडपणे पुस्तकात लिहिलं आणि इतर व्यसनाधीनांना मदत करायला लागला. क्लबसाठी खेळत राहिला आणि जिंकतही राहिला. न निवडलेल्या नात्याची हीच खरी ताकद आहे. लिलावात घेतलेला खेळाडू फॉर्म गेल्यावर सोडून देता येतो. गावातल्या पोराला ‘रिलीज’ कसं करणार? तो तुमचाच असतो, पडला तरी. उपयुक्त आहेस म्हणून नाही, तर आहेस म्हणून आपला: असं म्हणणाऱ्या जागा माणसाच्या आयुष्यात फार थोड्या असतात.

त्याच वर्षीचा फेब्रुवारी

क्रॉसमग्लेननं पहिलं अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं ते १७ मार्च १९९७ला, सेंट पॅट्रिक्स डेच्या दिवशी, क्रोक पार्कमध्ये. ती तारीख क्लबच्या इतिहासात सोन्याची आहे.

त्याआधी तेहेतीस दिवस, १२ फेब्रुवारीला, त्याच दक्षिण आर्मात बेसब्रूकच्या नाक्यावर स्टीफन रेस्टॉरिक नावाचा ब्रिटिश सैनिक आयआरएच्या स्नायपरच्या गोळीनं मेला. वय २३. तो एका बाईंच्या गाडीचे कागद तपासत होता. त्याची आई रीटा रेस्टॉरिक नंतर कित्येक वर्षं शांततेसाठी बोलत राहिली. त्या तीस वर्षांत दक्षिण आर्मात शंभराहून जास्त सैनिक मारले गेले.

या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कुणाचाही विजय खोटा ठरत नाही. रेस्टॉरिकला क्लबनं मारलं नव्हतं. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांवर त्या गोळीची जबाबदारी टाकणं अन्यायाचं होईल. पण सिनेमातला ‘गोरा साहेब’ मात्र आता तसा राहत नाही. मनोऱ्यावरून बघणारा तो २३ वर्षांचा मुलगाही कुठल्या तरी गावचा होता. त्यालाही कुणी तरी विचारलं असेल, तुझा संघ कुठला?

एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या वळणावरचा अमेरिकी तत्त्वज्ञ जोसाया रॉइस यानं निष्ठेवर एक पुस्तक लिहिलं, १९०८ साली. त्याचा मुद्दा साधारण असा: निष्ठा ही चांगली गोष्ट आहे, पण सगळ्याच निष्ठा सारख्या चांगल्या नसतात. कारण गुंडांच्या टोळीतही निष्ठा असते. मग फरक कसा करायचा? रॉइस म्हणतो, तुमची निष्ठा दुसऱ्यांच्या निष्ठांना जगू देते की त्यांचा गळा घोटते, ते बघा. मला हे माप उपयोगी वाटतं. सैन्यानं क्लबचं मैदान घेतलं तेव्हा त्यानं नुसती जमीन घेतली नाही. एका गावाची निष्ठेची जागा पायाखाली घातली. या मापानं तो अन्याय होता, आणि ‘सुरक्षेची गरज’ म्हणून तो पुसला जात नाही.

पण माप एकदा हातात घेतलं की ते दोन्हीकडे लावावं लागतं.

नियम एकवीस

जीएएच्या घटनेत एक नियम होता. ब्रिटिश सैन्यातला किंवा उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातला, म्हणजे आरयूसीमधला, कुणीही सदस्य होऊ शकत नाही. नियम क्रमांक एकवीस.

त्यामागची कारणं खरी होती. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गर्दीवर गोळीबार केला. चौदा माणसं गेली. त्यात टिपररीच्या संघाकडून खेळणारा मायकेल होगन होता. आज तिथल्या एका स्टँडला त्याचं नाव आहे. नंतरच्या काळातही, १९८८ साली ऑक्नक्लॉयच्या नाक्यावर एक तरुण आपल्या क्लबच्या मैदानाकडे चालत जाताना सैनिकाच्या गोळीनं मेला. ज्यांनी हे सोसलं ते म्हणत होते की, आमच्या पोरांच्या गाड्या रोज उलट्यापालट्या करणाऱ्याला आम्ही रविवारी पास द्यायचा का? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. डब्लिनमधल्या, किंवा पुण्यातल्या, सुरक्षित खोलीत बसून दुसऱ्याला क्षमेचा उपदेश करणं फार सोपं असतं.

तरीही या नियमात मला तीन गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे, हा नियम माणसानं काय केलं ते विचारत नाही, तो काय आहे एवढंच विचारतो. गणवेश बघितला की निकाल. जातीच्या आधारे निकाल लागलेल्या समाजात वाढलेल्या आपल्याला ही रीत ओळखीची वाटायला हवी.

दुसरी, अशी कुंपणं शेवटी आपल्याच माणसांना ओरबाडतात. जीएएत आणखी एक बंदी होती: सदस्यानं क्रिकेट, रग्बी, सॉकर, हॉकी हे ‘परके’ खेळ खेळायचे नाहीत, बघायचेही नाहीत. डग्लस हाइड हा आयरिश भाषेसाठी आयुष्य घातलेला माणूस. तो आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष या नात्यानं तो एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिला, म्हणून जीएएनं त्याला आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. ज्यानं भाषा वाचवायला आयुष्य दिलं, तो ‘पुरेसा आपला’ ठरला नाही. ती बंदी १९७१ साली उठली. आणि नियम एकवीसचा खरा फटका कुणाला बसला? लंडनहून आलेल्या सैनिकाला गेलिक फुटबॉल खेळायला न मिळाल्यानं काही बिघडणार नव्हतं. बिघडलं ते त्या कॅथलिक मुलाचं, ज्याला पोलिसांत जायचं होतं. त्याला नोकरी किंवा क्लब यातलं एक निवडावं लागे. नियम हे एकमेव कारण नव्हतं. आयआरएची भीती होती, दलावरचा अविश्वास होता. पण लोकसंख्येत चाळीस टक्क्यांहून जास्त असलेल्या कॅथलिकांचं प्रमाण आरयूसीत दहा टक्क्यांहूनही कमी राहिलं. आणि मग लोक म्हणत राहिले, बघा, पोलीस आपले नाहीतच.

तिसरी गोष्ट मला वाचताना चकित करून गेली. १८८४ साली हेस हॉटेलात जमलेल्या सात संस्थापकांची नावं सांगतात, त्यात थॉमस सेंट जॉर्ज मॅकार्थी हे एक आहे. तो पोलीस होता. तेव्हाच्या रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीतला अधिकारी. म्हणजे संस्थेनं पुढे जो नियम केला, त्यानुसार तिच्या एका संस्थापकालाच आत येता आलं नसतं.

१७ नोव्हेंबर २००१ला विशेष अधिवेशनात नियम एकवीस रद्द झाला. त्याच महिन्यात आरयूसीच्या जागी नवं पोलीस दल आलं होतं. पण उत्तरेतल्या सहा काउंट्यांपैकी फक्त डाऊननं बदलाच्या बाजूनं मत दिलं. बाकी पाचांचा विरोध होता, आणि त्या पाचांत आर्माही होती. म्हणजे ज्यांनी सोसलं नव्हतं त्यांनी दार उघडलं, ज्यांनी सोसलं होतं ते नको म्हणत होते.

यात कोण बरोबर? मी बराच विचार केलाय आणि माझं उत्तर असं आहे. क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच असते. ती दुसऱ्यानं मतदानानं देता येत नाही, कुणाकडून वसूलही करता येत नाही. क्रॉसमग्लेनमधल्या एखाद्या आजोबांना मरेपर्यंत गणवेशातल्या माणसाशी हात मिळवावासा वाटला नाही, तर त्यांना दोष द्यायचा मला काय अधिकार? पण सदस्यत्वाचा नियम म्हणजे क्षमा नव्हे. तो अजून जन्माला न आलेल्या मुलांसाठी घेतलेला निर्णय असतो. आजोबांच्या जखमेवर आजोबांचा हक्क आहे, नातवाच्या मित्रांच्या यादीवर नाही.

बेराची अंत्ययात्रा

हे नुसतं तात्त्विक वाटू नये म्हणून एक घटना सांगते. २ एप्रिल २०११, ओमा शहर. रोनन केर नावाचा २५ वर्षांचा नवा पोलीस शिपाई आपल्या गाडीत बसला आणि गाडीखाली लावलेला बॉम्ब फुटला. बॉम्ब लावणारे शांतता करार न मानणारे बंडखोर होते. केर कॅथलिक होता आणि टिरोन काउंटीतल्या बेरा रेड नाइट्स या गेलिक क्लबचा सदस्य होता. मारणाऱ्यांना नेमका असाच माणूस नको होता: ज्याच्या एका खांद्यावर पोलिसाचा गणवेश आणि दुसऱ्या खांद्यावर क्लबची जर्सी आहे असा.

त्याच्या अंत्ययात्रेत क्लबची माणसं आणि पोलीस एकत्र उभे राहिले. शवपेटीला जीएएच्या लोकांनी खांदा दिला आणि पोलीस सहकाऱ्यांनीही दिला. दहा वर्षं आधी हा मुलगा क्लबचा सदस्य आणि पोलीस दोन्ही असू शकला नसता. २००१चं ते मतदान बरोबर होतं की नाही, याचं उत्तर मला त्या खांद्यांत दिसतं. क्लबनं आपल्या मुलाला परकं म्हणायला नकार दिला.

त्याच वर्षी, केरच्या मृत्यूच्या दोन आठवडे आधी, क्रॉसमग्लेन पाचव्यांदा अखिल आयर्लंड जिंकलं होतं. तोवर तळाची गरज संपली होती. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर मनोरे उतरवायला सुरुवात झाली, मैदानाची जागा परत मिळाली आणि २००७च्या जुलैअखेर उत्तर आयर्लंडमधली ब्रिटिश लष्करी मोहीम अधिकृतपणे संपली.

इथे राहतो तो इथला

आता मी माझ्या मूळ शंकेकडे येते. गावाची निष्ठा, न निवडलेली निष्ठा, ही मुळातच बंद दाराची असते का?

मराठी माणसाला ‘गाव’ या शब्दाचा मोह फार. पण आपल्याच भाषेत ‘गावकुसाबाहेर’ हाही शब्द आहे, आणि तो कवितेसाठी बनलेला नाही. त्या जागेवर खरी घरं होती आणि आहेत. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाला ठाम नकार दिला तो याच अनुभवातून. गाव आपलं म्हणतं तेव्हा कुणाला तरी वगळून म्हणतं. माझी पेठ मला आपलं म्हणायची, लग्न होईपर्यंत. म्हणून गेलिक क्लबाचं कौतुक ऐकताना माझ्या मनात शंका होतीच की, ही सगळी ऊब आतल्यांसाठीच आहे ना?

डब्लिनमध्ये शेवटच्या वर्षी मी शनिवारी सकाळी घराजवळच्या क्लबच्या मैदानावर जाऊन बसायचे. सात-आठ वर्षांच्या मुलामुलींचा सराव असायचा. त्यात एक मुलगी होती, आईवडील केरळचे, दोघंही नर्स. एक नायजेरियन कुटुंबातला मुलगा. बाकी आयरिश. एकदा त्या मुलीच्या वडिलांना विचारलं की, प्रवेश कसा मिळाला? त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, “आम्ही इथेच राहतो ना.”

हे उत्तर माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. पॅरिशचा नियम मला आतापर्यंत कुंपणासारखा दिसत होता. पण तो रक्त विचारत नाही, आडनाव विचारत नाही. तू कुठे राहतोस, एवढंच विचारतो. जो नियम मॅकॉनव्हिलला क्रॉसमग्लेनचा करतो, तोच नियम कोट्टयमच्या नर्सच्या मुलीला डब्लिनच्या त्या उपनगराची करतो. कॉर्कचा हर्लिंगपटू शॉन ओग ओ हॅल्पिन याची आई फिजीची, बालपणाचा काही भाग ऑस्ट्रेलियात गेला, १९८८ साली कुटुंब कॉर्कला आलं. २००५ साली कर्णधार म्हणून अखिल आयर्लंड करंडक उचलताना त्यानं भाषण केलं ते आयरिश भाषेत, जी स्टेडियममधल्या बहुसंख्य लोकांना धड बोलता येत नव्हती. आणि ३१ जुलै २०२०ला, कोविडच्या काळात मशिदींत जागा पुरत नव्हती तेव्हा, डब्लिनच्या मुस्लिमांनी बकरी ईदची नमाज क्रोक पार्कच्या हिरवळीवर पढली. ज्या मैदानावर १९२० साली गोळ्या चालल्या, त्याच मैदानावर.

सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. वेगळ्या रंगाच्या खेळाडूंना तिथे मैदानावर शिव्या ऐकाव्या लागल्याच्या घटना आहेत. बायकांच्या गेलिक फुटबॉलची आणि कमोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, संघटना दशकानुदशकं वेगळी ठेवली गेली आणि मैदान मिळवायला बायकांना रांगेत उभं राहावं लागलं. पण नियमात एक बीज आहे, आणि ते राष्ट्राच्या, वंशाच्या किंवा जातीच्या निष्ठेत नसतं. वंशात तुम्ही नव्यानं शिरू शकत नाही. गावात राहायला येऊ शकता.

म्हणून निष्ठा सोडून द्यावी, सगळ्यांनी सगळीकडचं व्हावं, असं मला वाटत नाही. ज्याला कुठलंच मैदान आपलं नाही, त्यानं तीस वर्षं हेलिकॉप्टरांखाली पांढऱ्या रेषा आखल्या नसत्या. क्रॉसमग्लेननं ते केलं कारण ते मैदान त्यांचंच होतं. फक्त, मैदान माझं आहे म्हणण्यात दोन वेगळे दावे लपलेले असतात. एक: ते माझ्याकडून कुणी हिसकावू शकत नाही. दुसरा: ते माझ्याशिवाय कुणाचं होऊ शकत नाही. पहिला दावा न्यायाचा आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. दुसरा पहिल्याच्या पाठीवर बसून येतो, आणि आपण सोसलेलं असलं की तो ओळखू येत नाही.

कोल्हापूरला परत आल्यावर मी भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ते ठीक आहे गं, पण तिकडं अन्याय झालेला. आपल्याकडं कुठं कुणी मैदान घेतलं?” मी म्हटलं, तेच तर. आपल्याकडे दार बंद ठेवायला तेवढंही कारण नाही.

सध्या आमच्या गल्लीतल्या सात-आठ मुली रविवारी सकाळी खेळतात. तालमीची पोरं नऊला येतात, त्याआधी मैदान रिकामं करायचं असा अलिखित करार आहे. गेल्या महिन्यात त्यांच्यात एक नवीन मुलगी आली, आईवडील बिहारचे, एमआयडीसीत कामाला. पोरींनी तिला गोलकीपर केलंय, कारण ती बाकी कुणालाच व्हायचं नव्हतं. तिला पेठ कुठली असं अजून कुणी विचारलेलं नाही.